इंजिन कोणी चालू केलं

१९ जानेवारी २०२४

चेतनाताई,

तुझ्या आश्रमशाळेत रेंज नाही आणि माझ्या गस्तीनौकेवर वेळ नाही, म्हणून आपली पत्रांची सवय टिकून आहे. नाहीतर चुलत भावाला हातानं पत्र लिहिणारी बहीण आता उभ्या नंदुरबार जिल्ह्यात तू एकटीच असशील. पण या वेळी बातमीच अशी आहे की मलाच लिहायची घाई झाली. सुट्टीत आपल्या गावी, प्रकाशाला गेलीस की आईच्या तोंडून हे ऐकशील, आणि तोवर मी एकट्यानं चाळीस दरोडेखोर पकडलेले असतील. म्हणून खरं काय ते माझ्याकडूनच ऐक.

मागच्या मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमाराला, जलसीमेच्या रेषेपासून चार मैल अलीकडे आम्हाला एक मासेमारीची बोट दिसली. जाळी कोरडी. पलीकडून आलेली दुसरी बोट तिला खेटून निघून गेली होती, ती रेषा ओलांडून गेल्यामुळे हाती लागली नाही. मी माझी तुकडी घेऊन या बोटीवर चढलो. बर्फाच्या खणात मासे, माशांखाली बर्फ, बर्फाखाली अडतीस पाकिटं. पावडर. ताई, नोकरीला सात वर्षं झाली, इतका माल मी एका वेळी पाहिला नव्हता. पाकिटं मी तीनदा मोजली.

आता मजा ऐक. बोटीवर सहा जण, त्यातले चार आपल्याकडचे! मोलगीच्या वरचे, डोंगरातले. ऊसतोडीला जातात तसे हल्ली बोटींवर खलाशी म्हणून येतात. मी अहिराणीत "कथाईन उनात रे?" म्हणून गाव विचारलं, तर चौघांचे चेहरे असे झाले, की समुद्रात त्यांना घरचं कोणी भेटलं. मी मग आवाज चढवून विचारलं, "या बोटीचा जबाबदार माणूस कोण? पुढे या." शब्द संपायच्या आत एक जण उठला. वाहरू वसावे नाव, पन्नाशीचा, पांढरी खुंटं. म्हणाला, "जे इचारनं शे ते माले इचारा. ह्या मन्हा माणसे शेतस." बोट चालवणाऱ्याला इकडे तांडेल म्हणतात, बोटीवर त्याचा शब्द शेवटचा. इतका सरळ पुढे येणारा तांडेल मी आजवर पाहिला नाही. बंदर सोडताना बोटीला टोकन म्हणून एक कागद मिळतो, त्यावर सगळ्यांची नावं असतात. त्यातही तांडेलच्या जागी अंगठा याचाच. पंचनामा मी स्वतः लिहिला, अर्ध्या तासात.

आणि हा तांडेल इतका घाबरलेला, की बंदराकडे निघायचं तर याला इंजिन चालू करता येईना! नुसता त्या हँडलकडे बघत उभा. शेवटी छगन म्हणून भात शिजवणारा एक जण होता, त्यानं एका झटक्यात इंजिन चालू केलं आणि बंदरापर्यंत बोट आणूनही दिली. आम्ही पोट धरून हसलो. साहेब छगनवर खूश आहेत, त्याला साक्षीदार करायचं घाटतंय. माझं नाव प्रशस्तीसाठी वर गेलंय. आईनं तापीवर जाऊन नारळ वाहिला म्हणे.

तुझ्या पोरांना सांग, तुमच्या बाईंचा भाऊ समुद्र राखतो.

तुझा,
नवनीत

—

मोलगीजवळ
२९ मार्च २०२४

नवनीत,

तुझं जानेवारीचं पत्र वाचून मी हसले होते. स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. हे आधी लिहून टाकते, नाहीतर पुढचं वाचून तुला वाटेल की मी पहिल्यापासून शहाणी होते.

रविवारी होळी झाली. कामाला गेलेला माणूस कुठेही असो, होळीला या डोंगरात परत येतो. शाळेच्या मागच्या पाड्यावरचे चार जण आले नाहीत. मंगळवारी वाहरूची बायको फुलीबाई आली, पोरीला घेऊन. पोर म्हणजे सोनम, माझ्या सहावीच्या वर्गात आहे. हातात गुजराती पेपरचं पान, घड्या घालून घालून फाटायला आलेलं. कोणी जीपवाल्यानं आणून दिलं. फोटोत सहा माणसं ओळीनं उभी, तोंडांवर काळे बुरखे, समोर टेबलावर पाकिटं, आणि मागे गणवेशात छाती काढून तू.

फुलीबाईनं नवऱ्याला पायांवरून ओळखलं. उजव्या पायाचं मधलं बोट कुऱ्हाडीनं गेलेलं आहे त्याचं. तिनं फोटोवर बोट ठेवून मला विचारलं, "बाई, हा मागं उभा आहे तो कोण? त्याला विचारता येईल का?" मी काय सांगू तिला? मी म्हटलं, बघते. भाऊ आहे हे मला सांगता आलं नाही.

आता तू नीट ऐक. मी इथे आले त्या पहिल्या वर्षी घरोघर पटनोंदणी करत होते. याच मागच्या पाड्यावर जाऊन विचारलं, इथे माहिती कोण देईल? एक म्हातारा उठला, सुरुपसिंग. मी विचारत गेले, तो हो म्हणत गेला. हे पोर तुमचं? हो. आणि हे? हो. संध्याकाळी मुख्याध्यापकांनी माझी वही बघितली तर सुरुपसिंगला मी अकरा पोरांचा बाप करून ठेवलेला. तो काही खोटं बोलला नव्हता. इथे बाहेरचं माणूस आलं, त्यातून सरकारी, की बाकीच्यांनी खाली बसायचं आणि वयानं वडील असेल त्यानं उठायचं. जे काही व्हायचं ते आधी त्याच्या अंगावर येऊ दे, मग बाकीच्यांचं बघू, अशी रीत आहे. जंगलखात्याचा माणूस लाकडं कोणी तोडली विचारतो, तेव्हाही हाच उठतो, भले त्याच्या घरी एक लाकूड नसो, चूल वाळल्या पाल्यावर पेटत असो. त्याला तुम्ही कबुली म्हणता.

तू आवाज चढवून विचारलंस, म्हणून वाहरू उठला. तू "यातला चोर कोण" म्हणून विचारलं असतंस तरी तो उठला असता, कारण त्याच्याबरोबर पाड्यावरचे तीन जण होते आणि त्यांच्या घरी जाऊन तोंड त्याला दाखवायचं होतं.

ज्या माणसाला मोटारसायकलला किक मारता येत नाही, जो मोलगीच्या बाजाराला अजून पायी जातो, तो तुझ्या समुद्रातून पलीकडच्या बोटीशी संधान बांधून अडतीस पाकिटं आणेल? तूच लिहिलंयस की तो हँडलकडे बघत उभा होता. घाबरून नाही रे बाबा, त्याला ते येतच नव्हतं! मग इंजिन कोणी चालू केलं, नवनीत? बंदरापर्यंत बोट कोणी आणली? भात शिजवणारा बोट हाकतो आणि तांडेल बघत बसतो, यात तुम्हाला फक्त हसू आलं?

एवढंच कळव. इंजिनाची गोष्ट पंचनाम्यात लिहिली आहेस का? लगेच कळव.

चेतना

—

१० एप्रिल २०२४

ताई,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना राग आवरला नाही म्हणून चार दिवस थांबून लिहितोय. तरीही तो उतरलेला नाही, तेव्हा सांभाळून घे.

तू मुलांना शिकव, मला समुद्र शिकवू नकोस. तुला वाटतं मी अर्ध्या तासात एका गरिबाला उचललं आणि फोटो काढून घेतला. ताई, त्या बोटीच्या शेठमागे आम्ही दोन वर्षं आहोत. समुद्रात रेषा कुठे आखलेली नसते. पलीकडून माल येतो, पाण्यावरच हात बदलतो आणि आठ दिवसांत तुझ्या नंदुरबारच्या कॉलेजाबाहेर टपरीवर मिळतो. आमच्या वाट्याला दोन नौका आणि एवढा किनारा. एक नौका दुरुस्तीला लागली की दुसरी उपाशी कुत्र्यासारखी धावते. पहिल्यांदा शेठच्या बोटीवर माल सापडला, कागद जुळले, माणूस पुढे आला. आता मी उठून सांगू, की साहेब, पंचनाम्यात माझी चूक झाली? शेठचा वकील त्याचीच वाट बघत बसलाय. एक ओळ चुकली म्हणजे सगळंच खोटं, असं म्हणून तो शेठला बाहेर काढेल. तुझा वाहरू सुटेल आणि त्याच्याबरोबर तोही. हवं आहे तुला हे?

आणि वाहरूनं नाही म्हणावं ना! कोणी त्याचं तोंड दाबलंय? त्याला तीन वेळा विचारलं, दुभाष्या दिला. एकच म्हणतो, "मी आठे शे ना, माले इचारा." न्यायाधीशांसमोरही तेच. मी तुझ्या डोंगरातल्या रीती पाठ करून बोटीवर चढायचं का? समोरच्याच्या हातात कोयता आहे की बंदूक ते बघायचं असतं मला.

इंजिनाची ओळ पंचनाम्यात नाही. पंचनाम्यात कामाचं लिहितात, गमती लिहीत नाहीत. छगन साक्षीदार आहे, सगळं व्यवस्थित चाललंय, त्याची काळजी तू करू नकोस.

या कलमात जामीन लवकर होत नाही हे मला माहीत आहे. मला आनंद होत नाही त्याचा. पण तू मला असं लिहिलंस, जणू मी प्रकाशाचा कोणी नाहीच, जणू पहिलीत असताना मला पाटी धरायला शिकवणारी तू नव्हेस. याचं वाईट वाटलं. आईला यातलं काही सांगू नकोस.

नवनीत

—

मोलगीजवळ
१८ एप्रिल २०२४

नवनीत,

पाटी मीच धरायला शिकवली होती. चुकलेलं पुसायचं कसं, तेही मीच शिकवलं होतं. ते कुठे गेलं?

मागच्या रविवारी मी पाड्यावर गेले आणि फुलीबाईच्या ओट्यावर दोन तास बसले. मला वाटत होतं, वाहरूनं चूक केली. आता कळलं, त्याला चूक करायला लावली. गेल्या श्रावणात शेठचा माणूस इथे आला होता. काम काय, किती दिवस, हे सांगायच्या आधी त्यानं विचारलं, तुमच्यात पुढं होऊन कोण बोलतो? वाहरू उठला. तो म्हणाला, हे बरं आहे, तुझ्या हाताखालचे तीन घे आणि चल. बाजूच्या पाड्यावर चार तरुण तयार होते, अंगानं दुप्पट, पण त्यांच्यात वडीलधारं कोणी नव्हतं, त्यांना नेलं नाही. धक्क्यावर टोकनचा कागद आला तेव्हा मुनीम म्हणाला, वडील माणसाचा अंगठा आधी. वाहरूनं मानानं उमटवला. हे सगळं त्यानं दिवाळीला आला तेव्हा बायकोला कौतुकानं सांगितलं होतं.

कळतंय का तुला? शेठनं माणसं निवडलीच अशी, की पकडले गेले तर एक जण आपणहून पुढे येईल, आणि खरा तांडेल भाताच्या पातेल्यामागे बसून राहील. तू म्हणतोस, तुझ्या डोंगरातल्या रीती पाठ करू का. तू नाही केल्यास, त्या चोरानं केल्या! तापीकाठी वाढलास, शनिवारी आपल्या शेतात मिरची तोडायला हीच माणसं येत होती, वीस जणांत एकच जण आपल्या आबांशी बोलायचा हे तू बांधावर बसून दर वेळी बघितलंयस. आणि ज्याला मोलगी कुठे आहे तेही माहीत नव्हतं, त्या शेठला ते एका फेरीत कळलं. मला इतकी चीड येते आहे की पेन कागदातून आरपार जातंय.

शेठ सुटेल म्हणतोस. आत्ता तो तुझ्या हातात आहे का? पलीकडची बोट कुठे भेटते, खूण काय, निरोप कोण देतो, हे बोटीवर एकाच माणसाला माहीत असणार, आणि तो म्हणजे ज्यानं इंजिन चालू केलं तो. त्याला तुम्ही साक्षीदार केलंत. म्हणजे समुद्र राखायला निघालात आणि दारातून चोर स्वतः पोचवून आलात. ज्याला काहीच माहीत नाही त्याला तीन तीन वेळा विचारताय. तुमच्या नौका दोनाच्या वीस झाल्या तरी अशानं काय होणार आहे?

तुझं खरं कारण मला ठाऊक आहे. काकू गल्लीत पोराच्या मेडलचं सांगत फिरतात, "मन्हा आंडोरले मेडल भेटी ऱ्हायनं." ते मेडल तुला सोडवत नाही. तसं सरळ लिही, मी निदान तुला खरा म्हणेन.

तुझं १९ जानेवारीचं पत्र माझ्या ट्रंकेत आहे. त्यात इंजिनाची सगळी हकिगत तुझ्या अक्षरात, तारखेसकट आहे. नंदुरबारला गिरधर वकील आहेत, ते वाहरूची केस बघायला तयार आहेत. शाळेच्या परीक्षा तीस तारखेला संपतात, मग तेरा मेपर्यंत मी निवडणुकीच्या ड्युटीवर आहे. तोवर तू आपणहून बोललास तर ठीक. नाहीतर मी ते पत्र नेऊन देणार. तू भाऊ आहेस हे मला आठवण करून देऊ नकोस, ते आठवतं म्हणूनच महिना देतेय.

चेतना

—

२७ मे २०२४

ताई,

माझ्याकडे या पत्राला चांगली सुरुवात नाही.

मी तुला लिहिलं होतं, छगनचं सगळं व्यवस्थित आहे. ते लिहिलं तेव्हा तो कुठे आहे हे मला माहीत नव्हतं. जबाब देऊन तो मार्चमध्येच सुटून गेला होता, आणि मी विचारपूस केली नव्हती. तुझं एप्रिलचं पत्र आल्यावर केली. दिलेला पत्ता खोटा निघाला. तरीही मी गप्प बसलो, ताई. रोज सकाळी ठरवायचो की आज साहेबांकडे जाऊ, आणि रोज काहीतरी काम निघायचं.

सोळा मेला दुपारी रेषेजवळ आणखी एक बोट आडवी आली. आमची लहान रबरी होडी घेऊन चौघं तिच्याकडे निघाले. थांबायची खूण केली, तर त्या बोटीनं वेग वाढवून सरळ आमच्या होडीवर धाव घेतली. शिवाजी म्हणून माझा जवान आहे, पंचविशीचा, होडीच्या कडेला होता. दोन बोटींच्या मध्ये त्याचा पाय सापडला. गुडघ्याखाली डॉक्टरांना काही वाचवता आलं नाही. मी वर नौकेच्या कठड्याशी उभा होतो. ती बोट वळून रेषेपलीकडे गेली, तेव्हा सुकाणूवरच्या माणसानं मान वर करून बघितलं. छगन होता. त्यानं मला ओळखलं आणि हात केला, ताई. ओळखीच्या माणसाला करतात तसा.

त्या संध्याकाळी मी साहेबांसमोर उभा राहिलो आणि सांगितलं. ते आधी म्हणाले, आता झालं ते झालं, कागद कशाला हलवायचा. मी म्हणालो, मग शिवाजीला तुम्ही सांगा की झालं ते झालं. इतकं मोठ्यानं मी साहेबांशी कधी बोललो नव्हतो. तेवीस तारखेला न्यायालयात पुरवणी जबाब दिला. इंजिन वाहरूला चालू करता आलं नाही, ते छगननं केलं, बोट त्यानंच आणली, आणि मी हे जाणूनबुजून पंचनाम्यातून वगळलं. "जाणूनबुजून" हा शब्द सरकारी वकिलानं काढायला सांगितला होता. मी राहू दिला.

माझी चौकशी लागली आहे. प्रशस्ती परत घेतली. आईला तू सांग, माझ्याच्यानं होणार नाही.

एक सूचना लिहून दिली. बोट पकडली की सगळ्यांना एकत्र उभं करून विचारायचं नाही. प्रत्येकाला वेगळं बसवायचं, त्याच्या बोलीत बोलणारा माणूस आणायचा, आणि तांडेल म्हणून कोणाचंही नाव लिहायच्या आधी त्याच्याकडून इंजिन चालू करून घ्यायचं, सुकाणू धरायला लावायचं. पाच मिनिटांचं काम. साहेबांनी आमच्या दोन्ही नौकांना तसा हुकूम काढला. शेठच्या वकिलानं गोंधळ घातला, पण तुझं म्हणणं खरं निघालं. छगनचा फोटो बंदरात फिरवल्यावर तीन जणांनी सांगितलं की सहा वर्षं तो शेठचाच तांडेल आहे. शेठला परवा उचललं. छगन अजून बाहेर आहे.

तुरुंगात जाऊन वाहरूला भेटलो. सांगितलं, तू तांडेल नव्हतास असं मी लिहून दिलंय, तू सुटशील. तो गजांजवळ सरकला. मग म्हणाला, "अन् ह्या तिन्हीस्नं काय?" मी म्हणालो, तेही सुटतील. तेव्हा कुठे त्यानं माझ्याकडं नीट बघितलं. त्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं.

तो सुटला की मला पाड्यावर यायचं आहे. माफी मागायची आहे. येऊ का, ते तू विचारून कळव.

पत्र वकिलांना दिलंस का? दिलं असशील तर बरोबर केलंस.

नवनीत

—

मोलगीजवळ
४ ऑगस्ट २०२४

नवनीत,

शिवाजीबद्दलचा भाग मी पुन्हा पुन्हा वाचला. त्याच्या आईला काय लिहिलंस? काही लिहिलं नसशील तर हे पत्र बाजूला ठेव आणि आधी ते लिही.

काकूंना मी सांगितलं. त्या दोन दिवस जेवल्या नाहीत. मग म्हणाल्या, "खरं बोलना ना शेवट, मंग बस." आणि गल्लीत ज्या ज्या घरी मेडलचं सांगितलं होतं, त्या त्या घरी जाऊन खरं काय झालं तेही सांगून आल्या. मी त्यांच्याबरोबर गेले होते. एवढी हिंमत आपल्या घरात कोणाकडे नाही.

तू पत्राचं विचारलंस. ते अजून माझ्या ट्रंकेत आहे. तुला महिन्याची मुदत घातली, मोठ्या तोऱ्यात. चौदा मेला निवडणुकीच्या ड्युटीवरून सुटले आणि पंधराला पहाटेच्या जीपनं नंदुरबारला गेले. गिरधर वकिलांच्या ऑफिसबाहेर बाकावर बसले, पर्स मांडीवर घेऊन. तासाभरानं उठून स्टँडवर परत आले. आठ दिवसांनी पुन्हा गेले, पुन्हा तसंच. आत जाऊन एक कागद टेबलावर ठेवायचा होता, नवनीत, माझ्याच्यानं झालं नाही. तुला मी मेडलवरून टोचून बोलले, आणि मी स्वतः भाऊ वाचवत बसले. त्या दिवसांत फुलीबाई रोज शाळेच्या फाटकाशी येऊन विचारायची, बाई, काही कळलं का? मी म्हणायची, बघते आहे. मुदत न घालता एप्रिलमध्येच पत्र दिलं असतं तर कदाचित छगनला सोळा तारखेच्या आत शोधलं असतं. कदाचित नसतंही. पण मला हे आता आयुष्यभर विचारत राहावं लागणार आहे, आणि त्याबद्दल मला तुझ्यापेक्षा माझाच जास्त संताप येतो.

चौघेही सुटून आले, जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात. भाताची लावणी फुलीबाईनं एकटीनं उरकली होती. मी दोन दिवसांनी गेले. वाहरूला सांगितलं की फोटोत तुझ्यामागे जो उभा होता, तुझ्यावर ज्यानं लिहिलं, तो माझा भाऊ आहे. तो म्हणाला, त्याला ठाऊक आहे. तुरुंगात भेटलास तेव्हा तूच सांगितलं होतंस म्हणे. मला वाटलं होतं तो उठून आत जाईल. त्यानं पोरीला पाणी आणायला सांगितलं. फुलीबाईनं मात्र माझ्याकडे पाठ केली ती मी निघेपर्यंत वळवली नाही. तिचं बरोबर आहे. चार महिने तिच्यासमोर मी खोटी उभी होते.

काल पुन्हा गेले होते. पटनोंदणी होती. पावसात चिखल तुडवत गेले, पाड्यावर वीस-पंचवीस माणसं सुरुपसिंगच्या पडवीत बसलेली. आठ वर्षं मी इथे येते आहे. नेहमीसारखं विचारलं, यंदाची माहिती कोण देईल?

कोणी उठलं नाही.

मला आधी वाटलं ऐकू गेलं नसेल, पत्र्यावर पाऊस वाजत होता. मी पुन्हा विचारलं. सुरुपसिंग कोपऱ्यात होता, त्यानं विडी खाली टाकली आणि ती विझवत राहिला. वाहरू खांबाला टेकून जमिनीकडे बघत होता. दगा आणि डोंगरसिंग, बोटीवर त्याच्याबरोबर होते ते, दोघे त्याच्या दोन बाजूंना बसलेले. दगानं वाहरूच्या दंडाला धरून ठेवलं होतं, त्यानं उठू नये म्हणून. मी बाई होते, त्यांच्या पोरांना क ख ग शिकवलेली बाई, आणि माझ्यापासून त्यांनी त्याला धरून ठेवलं होतं.

मग मी वही घेऊन घरोघर गेले. प्रत्येकानं आपापल्या पोराचं नाव सांगितलं, आपापल्या दारात, हळू आवाजात. माझी वही या वर्षी पहिल्यांदा बिनचूक आहे. तुझ्या हुकुमात आहे ना, प्रत्येकाला वेगळं बसवून विचारा, तसंच झालं. हुकूम चांगला आहे, तो राहू दे, त्यानं उद्या कोणी वाहरू वाचेल. पण मी घरी येऊन खूप रडले.

तू यायचं म्हणतोस. ये. गणवेश घालून ये, त्यांनी तुला त्यातच पाहिलंय. पण आलास की कोणाला काही विचारू नकोस, वाहरूला तर नाहीच. सगळे बसलेले असतील तिथे मध्ये जा आणि उभा राहा. तुझं नाव सांग, बापाचं नाव सांग, गाव सांग, आणि तू काय केलंस ते सगळं तुझ्या तोंडानं सांग, अहिराणीत. मी तुझ्याशेजारी उभी राहीन, कारण तुझ्यानंतर मलाही सांगायचं आहे. मग त्यांनी बस म्हटलं तर बसू.

चेतना